प्रतिकृती-रेल्वेचे प्रवासी डबे

प्रतिकृती-रेल्वेचे प्रवासी डबे : खऱ्या रेल्वेगाडीतील प्रवासी डब्यांच्या ठराविक प्रमाणात लहान केलेल्या व लहान रुळांवर चालणाऱ्या प्रतिकृती. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेल्या अशा जुन्या डब्यांना पकडदांडे, पायऱ्या, छतावरील हवाझडपा, ब्रेकची यंत्रणा, दोन डब्यांमधील घडीचे पडदे इ. सुटे भाग बसवून ते मूळ डब्याच्या अधिक जवळ नेणे, ही या छंदातील एक स्वतंत्र शाखा आहे. वरवर पाहता ही केवळ सजावट वाटते; परंतु कोणता भाग बसवावयाचा हे ठरविण्यासाठी मूळ डबा कोणत्या कंपनीचा, केव्हा बांधलेला व त्यात पुढे केव्हा कोणते फेरफार झाले, यांचा शोध घ्यावा लागतो. त्यामुळे या शाखेचा इतिहास एका बाजूने खेळण्यांच्या उद्योगाशी, तर दुसऱ्या बाजूने रेल्वेप्रवासाच्या तांत्रिक व सामाजिक इतिहासाशी निगडित आहे. सुट्या भागांचा व्यवसाय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष वाढीस लागल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील घडामोडींचा विचार केला आहे.

प्रमाणे : मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या मापांच्या गुणोत्तराला प्रमाण म्हणतात. एचओ या सर्वांत लोकप्रिय प्रकारात ते १ : ८७ असून दोन रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते. १,४३५ मिमी. या प्रमाणित रुळांतराचा हा सु. ८७ वा भाग होय. जुन्या ‘ओ’ प्रकाराच्या (३२ मिमी.) जवळजवळ निम्मा म्हणून त्याला ‘निम्मा ओ’ या अर्थाचे हे नाव मिळाले. ग्रेट ब्रिटनमध्ये याच अंतराच्या रुळांवर १ : ७६ प्रमाणाचे काहीसे मोठे डबे चालवितात, त्यामुळे तेथील प्रतिकृतींत डब्याच्या मानाने रूळ अरुंद दिसतात. अमेरिकेतील ८५ फुटी (सु. २५·९ मी.) डबा एचओ प्रमाणात सु. २९·७ सेंमी. लांब होतो. घरातील मेजावर मावणाऱ्या तीव्र वळणांवरून एवढा लांब डबा सहज वळत नाही. पुढील काळात उत्पादकांनी केलेल्या बहुतेक तडजोडींचे मूळ या एका अडचणीत आहे.

प्रारंभीचा काळ : जर्मनीतील गपिंगेन येथील मेर्क्लीन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपसिकच्या व्यापारी जत्रेत किल्लीवर चालणारी रेल्वे मांडली. तिला रूळ व डबे हळूहळू वाढवीत नेता येत असत. न्यूरेंबर्ग येथील बिंग, अमेरिकेतील लायनेल (१९००) व इंग्लंडमधील हॉर्नबी (१९२०) यांनी हा उद्योग वाढविला. या काळातील डबे कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचे असत. पत्रा सपाट असतानाच त्यावर दारे, मुठी, खिडक्यांच्या चौकटी, रिव्हेटच्या ओळी व कंपनीची नावे रंगांत छापीत आणि नंतर तो कापून, वाकवून, खाचांत पट्ट्या अडकवून डबा तयार करीत. तपशील होता, पण तो चित्रातला होता. त्याला उठाव नव्हता. नॉर्थॅम्प्टन येथील व्यापारी वेनमन जोसेफ बॅसेट-लोक यांनी जर्मन कारखान्यांकडून ब्रिटिश रेल्वेकंपन्यांच्या गाड्यांशी मिळत्याजुळत्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यामुळे खेळणे हे मूळ वस्तूशी ताडून पाहावयाचे असते, ही कल्पना प्रौढ ग्राहकांत रुजली.

१९३० नंतरच्या दशकात हा छंद खेळण्यांपासून वेगळा झाला. विल्यम वॉल्थर्स यांनी १९३२ मध्ये मिलवॉकी येथे आपला व्यवसाय सुरू केला. त्याच शहरातून १९३४ मध्ये मॉडेल रेलरोडर हे मासिक निघू लागले आणि १९३५ मध्ये तेथेच प्रतिकृती-रेल्वेकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. चाके, रूळ व जोडण्या यांची मापे निश्चित करणे हे या संघटनेचे आद्य कार्य होते. वॉल्थर्स यांचे डबे तयार नसत. लाकडी छत व तळ, ठोकून उठाव दिलेल्या पत्र्याच्या बाजू आणि ओतीव टोके असा संच पेटीतून मिळे व बाकीचे काम छांदिष्टाने स्वतः करावयाचे असे. सुटे भाग विकत घेऊन डबा पुरा करण्याची रीत अशा प्रकारे प्लॅस्टिकच्या तयार डब्यांहून जुनी आहे.

मूळ डब्यांतील बदल : सुधारणेचे काम समजण्यासाठी मूळ डब्यांची स्थूल माहिती आवश्यक आहे. डब्यांच्या टोकांना बंद दालने करून त्यांमध्ये घडीचे पडदे लावण्याची पद्धत पुलमन कंपनीने १८८७ मध्ये प्रचारात आणली. त्यामुळे चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात सुरक्षितपणे जाता येऊ लागले. १९०७ मध्ये या कंपनीचा पहिला संपूर्ण पोलादी शयनयान-डबा तयार झाला आणि १९१० पासून लाकडी डब्यांची जागा पोलादी डब्यांनी घेतली. हे डबे अतिशय जड असत. प्रत्येक टोकाखाली सहा चाकांची बोगी आणि छताच्या मध्यभागी लांबवर उंचावलेला, लहान खिडक्यांचा भाग ही त्यांची लक्षणे होत. बारा खुले विभाग व एक बंद खोली अशी रचना असलेले शयनयान-डबे त्यांत सर्वाधिक संख्येने बांधले गेले.

१९३० नंतरच्या दशकात या डब्यांत वातानुकूलन बसविण्यात आले. त्यासाठी हवेचे नळ उंचावलेल्या छताच्या कडेने नेऊन त्यांवर पत्रा मढविला जाई. अनेकदा हे नळ एकाच बाजूला असल्याने छत एका बाजूने गोलाकार व दुसऱ्या बाजूने पायरीसारखे दिसे. छतावरील हवाझडपा अनावश्यक झाल्या. डब्याखाली बर्फाच्या पेट्या, वाफेवर चालणारी शीतक यंत्रणा किंवा यांत्रिक संपीडक आले. १९३४ मध्ये बर्लिंग्टन रेल्वेची झेफर ही अगंज पोलादाची गाडी धावू लागली आणि गुळगुळीत, हलक्या डब्यांचे युग सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जुने पोलादी डबे मोठ्या प्रमाणावर मोडीत निघाले किंवा रूळदुरुस्तीच्या कामगारांसाठी वापरले गेले. १९६८ च्या अखेरीस पुलमन कंपनीची शयनयान-सेवा थांबली व १ मे १९७१ रोजी बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या अ‍ॅमट्रॅक या महामंडळाकडे गेल्या. डबा १९२५ चा आहे की १९४० चा, हे छताकडे व तळाकडे पाहिले असता कळते. नेमके हेच दोन भाग स्वस्त प्रतिकृतींत सर्वांत ढोबळ असत.

प्लॅस्टिकचे डबे व त्यांतील तडजोडी : दुसऱ्या महायुद्धानंतर वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू बनविण्याचे तंत्र या उद्योगात आले. कॅलिफोर्नियातील अ‍ॅथर्न व इटलीतील कोमो येथील रिव्हारोसी या कंपन्यांचे एचओ प्रमाणातील डबे घरोघर पोहोचले. छापील रिव्हेटच्या जागी आता उठावाचे रिव्हेट आले आणि किंमत उतरली. तथापि साच्याला स्वतःच्या मर्यादा होत्या. पकडदांडा भिंतीपासून सुटा ठेवणे साच्यात अवघड असल्याने तो भिंतीलाच चिकटलेली रेघ म्हणून येई. भिंत मजबूत राहण्यासाठी ती किमान १ मिमी. जाड ठेवावी लागे. ही जाडी ८७ पट केली, तर ८·७ सेंमी. होते. मूळ डब्याच्या बाजूचा पत्रा मात्र काही मिमी. एवढाच जाड असे. त्यामुळे प्रतिकृतीच्या खिडक्या किल्ल्याच्या झरोक्यांप्रमाणे खोल दिसत.

लांबीच्या प्रश्नाला या दोन कंपन्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध होती. खेळण्यांच्या संचातील वळणांची त्रिज्या साधारणतः १८ इंच (सु. ४५·७ सेंमी.) असे. अ‍ॅथर्नने आपले गुळगुळीत बांधणीचे डबे सु. ७२ फुटांच्या प्रमाणात, म्हणजे सु. २५ सेंमी. लांबीचे केले. ते सहज वळत. पण काही खिडक्या गाळल्याने कोणत्याही प्रत्यक्ष डब्याशी ते पूर्णपणे जुळत नसत. रिव्हारोसीच्या जड पोलादी डब्यांची लांबी मूळ प्रमाणात होती. पण ते वळावेत म्हणून जोडणी डब्याच्या चौकटीला न बसविता बोगीला बसविलेली होती. परिणामी दोन डब्यांत मोठी फट राही. शिवाय त्यांच्या चाकांच्या कडा इतक्या खोल होत्या, की पुढे प्रचारात आलेल्या कमी उंचीच्या रुळांवर त्या रूळ धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांवर आपटत. अ‍ॅथर्नने लांबीचा बळी दिला, तर रिव्हारोसीने जवळिकीचा, असे या दोन पद्धतींचे वर्णन करता येईल.

सुट्या भागांचा व्यवसाय : साच्याने जे हिरावून घेतले ते सुट्या भागांनी परत केले. कॅलिफोर्नियातील केमट्रॉन व कॅल-स्केल यांसारख्या लहान कंपन्यांनी पितळी ओतीव भाग विक्रीस आणले. हे भाग मेण वितळवून काढण्याच्या पद्धतीने करतात. मूळ नमुन्यावरून रबराचा साचा, त्यात मेणाच्या प्रती, मेणाभोवती उष्णतारोधी लेप, मग भट्टीत मेण वितळवून त्या पोकळीत पितळ ओतणे, असा तिचा क्रम आहे. भारतीय धातुमूर्तिकारांची मधूच्छिष्ट-पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. या पद्धतीमुळे ब्रेकचे सिलिंडर, शेवटच्या डब्याचे खूणदिवे, झडपा व दिव्यांची जनित्रे तांदळाच्या दाण्याएवढ्या आकारातही स्पष्ट उतरू लागली. ऑरेगन राज्यातील केडी या कंपनीची जोडणी खऱ्या अमेरिकन जोडणीप्रमाणे मुडपलेल्या बोटांच्या आकाराची होती आणि रुळांमध्ये ठेवलेल्या चुंबकाने ती सुटत असे. डब्यांबरोबर मिळणारी आकड्याच्या आकाराची जोडणी काढून तिच्या जागी ही बसविणे, हे बहुतेकांचे सुधारणेतील पहिले पाऊल ठरले. पुढे रसायनाने कोरलेले पितळी पत्रे आले. प्रकाशसंवेदी लेपावर आराखड्याचे छायाचित्र उमटवून उघडा राहिलेला धातू रसायनाने खाऊन टाकतात. त्यामुळे खिडक्यांच्या चौकटी, जाळ्या, पायऱ्या व डब्याच्या संपूर्ण बाजूसुद्धा पातळ पत्र्यात मिळू लागल्या. अशा बाजू जुन्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर चिकटविल्या म्हणजे एकाच छतातळाचे निरनिराळ्या रचनांचे डबे तयार करता येतात.

सुधारणेची पद्धती : काम सामान्यतः खालून वर व बाहेरून आत होत जाते. प्रथम खोल कडांची चाके काढून संघटनेने शिफारस केलेल्या आकाराची धातूची चाके बसवितात. नंतर जोडणी बोगीवरून काढून डब्याच्या चौकटीला जोडतात. या फेरफाराने दोन डबे जवळ येतात. पण वळणाची त्रिज्या वाढवून सु. ७६ सेंमी. वा अधिक करावी लागते. म्हणजे एका डब्याची सुधारणा हळूहळू सबंध रुळमार्गाची फेरमांडणी मागते. हलका डबा वळणावर रुळांवरून उतरत असल्याने वजनही वाढवितात. संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असावे. पूर्ण लांबीच्या डब्यास ते सु. १९५ ग्रॅ. भरते.

डब्याखालच्या ठोकळ्यासारख्या आकृत्या कापून त्यांच्या जागी ब्रेकचे सिलिंडर, दांड्या, तरफा, हवेची टाकी, विद्युत् घटांच्या पेट्या व वाफेचे नळ यांची प्रत्यक्ष रचना उभी करतात. गाडी रुळांवर असताना यांतील थोडेच दिसते, हे खरे. तरीही अनुभवी छांदिष्ट हा भाग क्वचितच टाळतात. कारण ब्रेकची दांडी कोठून कोठे जाते हे एकदा स्वतः जोडून पाहिल्यावर त्या यंत्रणेचे कार्य कळते. टोकांवर घडीचे पडदे बसवितात; ते स्प्रिंगने किंवा घडी घातलेल्या कागदाने एकमेकांस टेकलेले राहतात. चिकटलेले पकडदांडे धारदार पात्याने तासून काढून, केसासारख्या बारीक गिरमिटाने भोके पाडून त्यांत तारेचे दांडे घालतात. या तारेची जाडी सु. ०·३ मिमी. असते. ८७ पटींनी ती २६ मिमी. होते, म्हणजे मूळ दांड्यापेक्षा ती थोडी जाडच आहे. पूर्ण अचूकता हे या कामाचे साध्य असू शकत नाही. कोठे थांबावयाचे हा निर्णय प्रत्येकास घ्यावा लागतो.

छताचे काम सर्वांत जबाबदारीचे आहे. हवाझडपा ठेवावयाच्या की काढावयाच्या आणि वातानुकूलनाचा नळ कोणत्या बाजूस घ्यावयाचा, यांवरून प्रतिकृतीचे साल ठरते. १९२५ च्या छताखाली १९४० ची बर्फपेटी बसविली, तर प्रत्येक भाग सुबक असूनही डबा खोटा ठरतो. अखेरीस रंग देऊन पाण्यात भिजवून चिकटविण्याची अक्षरे लावतात. पुलमन डब्यांना क्रमांकाऐवजी नावे देण्याची प्रथा असल्याने नाव निवडताना त्या नावाच्या डब्याची अंतर्गत रचना कोणती होती, हेही पाहावे लागते.

अंतर्भाग व सामाजिक इतिहास : खिडक्या पातळ व स्वच्छ झाल्या, की आतील रिकामेपण डोळ्यांत भरते. मग आसने, मेजे, दिवे व माणसे यांची भर पडते आणि येथे प्रतिकृतीकारास तांत्रिक नव्हे, तर सामाजिक तथ्यांस सामोरे जावे लागते. पुलमन डब्यांतील सेवक बहुतांशी कृष्णवर्णीय असत. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली व १९३७ मध्ये तिने कंपनीशी पहिला करार केला. दक्षिणेकडील राज्यांत वंशभेदाचे कायदे असल्याने अनेक साध्या डब्यांत मध्यभागी आडभिंत घालून दोन वंशांच्या प्रवाशांसाठी दोन भाग केलेले असत व प्रत्येक भागाला स्वतंत्र प्रसाधनगृहे असत. सदर्न रेल्वेच्या भोजनयानात स्वयंपाकघराजवळची मेजे पडद्याने वेगळी केली जात. १९४२ मध्ये एल्मर हेंडरसन या कृष्णवर्णीय प्रवाशास त्या मेजांवरही श्वेतवर्णीय प्रवासी बसविल्यामुळे जेवण मिळाले नाही. त्याने दाद मागितली व १९५० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था बेकायदा ठरविली. १९५५ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने आंतरराज्य गाड्यांतील वंशभेद बंद करण्याचा आदेश दिला.

या गाडीची १९४२ मधील प्रतिकृती करणाऱ्याने ब्रेकची प्रत्येक दांडी बसविली आणि तो पडदा मात्र वगळला, तर त्याची प्रतिकृती अपुरी राहते. आडभिंत किंवा पडदा हा प्लॅस्टिकच्या एका पातळ तुकड्याने दाखविता येतो. त्यासाठी लागते ते कौशल्य नव्हे, तर आराखडा वाचण्याची तयारी. प्रवाशांच्या स्मृतीत रम्य ठरलेल्या गाड्यांचे हे अंग आराखड्यांत नोंदलेले असल्यामुळे अशा अभ्यासास नैतिक मूल्यही प्राप्त होते.

साधने : प्रारंभी प्रतिकृतीकार मोजपट्टी व छायाचित्रक घेऊन स्थानकांच्या आवारात उभ्या असलेल्या डब्यांची मापे घेत. मूळ डबे नाहीसे होऊ लागल्यावर कागदपत्रांचे महत्त्व वाढले. १८७९ मध्ये प्रथम निघालेला डबेबांधणीचा अमेरिकन कोश व त्याच्या पुढील आवृत्त्या यांतील आकृत्यांचा त्यांना मोठा उपयोग झाला. पुलमन कंपनीची दप्तरे शिकागो येथील न्यूबेरी ग्रंथालयात, तर डब्यांच्या आराखड्यांचा मोठा संग्रह इलिनॉय रेल्वे संग्रहालयात आहे. जॉन एच्. व्हाइट यांचा अमेरिकन प्रवासी डब्यांचा इतिहास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या रेल्वेकंपन्यांच्या अभ्यासकांची ऐतिहासिक मंडळे निघाली असून त्यांत प्रतिकृतीकारांचा भरणा मोठा आहे. ब्रिटनमध्ये रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या पेंडन संग्रहालयात दोन महायुद्धांमधील ग्रामीण प्रदेशाची व रेल्वेची नोंद प्रतिकृतींद्वारे ठेवण्याचा प्रयत्न झाला आहे.

जतनाचा प्रश्न : जुना प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा डबा हीदेखील आता ऐतिहासिक वस्तू झाली आहे. तो आपल्या काळातील कारखानदारी, किंमती व घरातील खेळाची जागा यांचा पुरावा आहे. त्यावरील रिव्हेट तासले व मूळ रंग काढला, की हा पुरावा नाहीसा होतो आणि संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोलही उतरते. एकाच वस्तूतून दोन इतिहास सांगता येत नाहीत : ती मूळ डब्याची साक्षीदार होऊ शकते किंवा स्वतःची. विपुल प्रमाणात निघालेले व मोडकळीस आलेले डबे सुधारणेसाठी वापरावेत. दुर्मिळ, मूळ पेटीसह सुस्थितीत असलेले डबे तसेच ठेवावेत. आणि शक्य तेथे मूळ भाग जपून ठेवून केलेल्या बदलांची टिपणे ठेवावीत, हा मार्ग त्यांतल्या त्यात समंजस होय.

भारतातील स्थिती : भारतीय रुंदमापी मार्गाचे रुळांतर १,६७६ मिमी. असल्याने एचओ प्रमाणात ते सु. १९·३ मिमी. व्हावयास हवे. बाजारात मिळणारे रूळ १६·५ मिमी. अंतराचे असल्याने भारतीय डब्याच्या प्रतिकृतीत प्रारंभीच तडजोड करावी लागते. पुणे येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे हा छंद महाराष्ट्रातील सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. सालाचे महत्त्व येथेही तितकेच आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचे पहिले डबे इंग्लंडमधील चौकटींवर माटुंगा कार्यशाळेत बांधले होते. १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातील पोलादी डबे आले. १९९५ मध्ये डबे पुन्हा बदलले आणि २०२२ मध्ये एलएचबी बांधणीचे डबे जोडण्यात आले. नाव एकच असले, तरी यांतील प्रत्येक काळातील गाडी वेगळी आहे आणि तिची प्रतिकृतीही वेगळीच करावी लागेल.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुटे पकडदांडे, तळाची पूर्ण यंत्रणा व आतील दिवे कारखान्यातच बसविलेले डबे मिळू लागले आणि त्रिमितीय मुद्रणामुळे दुर्मिळ भाग घरीही तयार करता येऊ लागले. रिव्हारोसीचे नाव व साचे २००४ मध्ये हॉर्नबी कंपनीकडे गेले. तयार डबे इतके परिपूर्ण झाल्यावर जुन्यांची सुधारणा आर्थिक दृष्ट्या फारशी लाभदायक राहिली नाही. तरीही ती टिकून आहे. तयार डबा विकत घेणाऱ्यास त्याच्या छतावरील नळ एकाच बाजूला का आहे, हे ठाऊक असण्याची गरज नसते. तो नळ स्वतः बसविणाऱ्यास मात्र ते जाणून घ्यावेच लागते. मूळ डबे रुळांवरून गेल्यावर ही जाणीव टिकविण्याचे काम अशा हातांनी पुष्कळ अंशी केले आहे.